आखणीचा बारीक कुंचला घरी बांधणे: केस कुठले घ्यावेत, कसे बांधावेत

रेषा_सोलापूर

गणपतीच्या डोळ्यांची आखणी हे माझं काम. हंगामात अंगाचा रंग कॉम्प्रेसरनं उडवतात, दागिने सोनेरी करायला हात पुष्कळ असतात. पण भुवई, पापणीची कड आणि बुबुळाचा गोल हातानंच उतरतो, आणि तिथं कुंचल्यानं दगा देऊन चालत नाही. दुकानातला शून्य किंवा दोन-शून्य नंबरचा कुंचला टोकाला बारीक असतो, पण केस आखूड. आखूड केसांत रंग मावत नाही, म्हणून मोठ्या मूर्तीची भुवई एका ओढीत पुरी होत नाही. मधे उचलून पुन्हा टेकवला की सांधा लांबूनही दिसतो. मला लांब केसांचा, भरपूर रंग धरणारा आणि तरी शेंड्याला अगदी बारीक असा कुंचला लागतो. तो मी स्वतः बांधते. मागच्या धाग्यावर काहींनी विचारलं होतं, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. जनावराच्या न कापलेल्या केसाला शेंडा असतो, आणि तो निसर्गतःच निमुळता असतो. मधे केस जाड होतो, त्याला आपण पोट म्हणू, आणि मुळाकडे पुन्हा बारीक होतो. कुंचल्याचं टोक म्हणजे असे अनेक शेंडे एका ठिकाणी जमलेले. कात्रीनं छाटून टोक काढता येत नाही. छाटलेला केस बोथट, आणि बोथट केसांचा जुडगा कितीही निमुळता कापला तरी ओला झाल्यावर फिस्कटतो. म्हणून शेंड्याकडून कधीही कापायचं नाही. लांबी कमी करायची ती मुळाकडून.

केस कुठले? आपल्याकडं उस्मानाबादी शेळी घरोघर आहे. बहुतेक काळी असते. तिच्या शेपटीचे आणि मानेवरचे केस खाटकाकडं सांगून ठेवले तर मिळतात. बकरीचा केस मऊ, पाणी भरपूर धरतो, पण त्याला उसळी नाही. दाबला की वाकतो आणि तसाच राहतो. बैलाच्या कानातला केस याच्या उलट: ताठ, उसळीचा, पण पाणी कमी धरणारा. मी दोन्ही एकत्र वापरते. मधे गाभ्याला कानाचे थोडे केस, बाकीच्यांपेक्षा किंचित पुढं काढलेले, आणि भोवती बकरीच्या केसांचं वेष्टण. गाभा रेघ धरतो, वेष्टण रंग साठवतं. चिनी-जपानी लेखणीच्या कुंचल्यांतही हीच युक्ती आहे, तिथं गाभ्याला घोड्याचे किंवा इतर ताठ केस घालतात.

आता कृती.

केस शाम्पूनं किंवा रिठ्यानं धुवून सावलीत वाळवायचे. तरी तेलकटपणा उरतोच. चाळलेली चुलीची राख केसांना लावायची, सुती फडक्यात गुंडाळून हलक्या हातानं चोळायचं आणि झटकून टाकायचं. तेलकट केस पाणी घेत नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका. मग जुडी शेंड्यांकडून धरून मुळाच्या बाजूनं बारीक फणी फिरवायची. आतली मऊ लव निघून येते. ती राहिली तर कुंचला फुगतो आणि टोक येत नाही.

पुढचं काम सगळ्यात वेळखाऊ. सगळे शेंडे एका पातळीवर आणायचे. लिपस्टिकचं धातूचं टोपण घ्या, आत गुळगुळीत हवं. केस शेंडे खाली करून त्यात सोडा आणि टोपण टेबलावर हळूहळू ठोकत राहा. शेंडे तळाला टेकतात, मुळं वर कमीजास्त राहतात. जुडी काढून उजेडासमोर धरा. ज्यांचा शेंडा मोडलाय ते बोथट, आणि जे उलटे शिरलेत त्यांची मुळं शेंड्यांच्या रांगेत दिसतात. बोथट चाकूची धार आणि अंगठा यांच्यात धरून एकेक ओढून काढायचे. पुन्हा टोपण, पुन्हा उजेड. हे जितकं कराल तितका कुंचला चांगला होईल, यात मला शंका नाही.

एखादा केस उलटा आहे की सुलटा ते डोळ्यांना कळत नसेल तर बोटांना विचारा. अंगठा आणि तर्जनीत केस आडवा न धरता लांबीनं धरा आणि बोटं मागंपुढं घासा. केस आपोआप एका बाजूला सरकतो. तो नेहमी मुळाच्या दिशेनं सरकतो, कारण केसावरचे खवले शेंड्याकडं तोंड करून असतात.

बांधायला रेशमी दोरा. पोटाच्या जरा खाली दोन वेढ्यांची गाठ, ओढली की आवळणारी. आवळताना जुडी बोटांत थोडी पिळायची म्हणजे टोक जमतं. मुळाकडचं जास्तीचं कापायचं आणि तिथं अ‍ॅरलडाइट लावायचं. पातळ फेव्हिक्विक वापरू नका, तो केसांतून वर चढतो आणि पोटच कडक होतं.

नळीसाठी कोंबड्याच्या पंखाचं मोठं पीस. दांडा कापून गरम पाण्यात भिजवला की मऊ होतो. जुडी रुंद बाजूनं, शेंडे पुढं करून घालायची आणि अरुंद तोंडातून बाहेर ओढायची. दोऱ्याची गाठ आत अडकते. वाळताना पीस आवळतं आणि पकड घट्ट होते. मागून बांबूची कामटी तासून बसवली की झाला कुंचला. केसाचं पोट नळीच्या तोंडाशी यायला हवं, ही खूण लक्षात ठेवा. पोट फार बाहेर राहिलं तर कुंचला लोळतो, फार आत गेलं तर ताठर होतो.

माधव_जुळेसोलापूर

ताई, खूप दिवसांनी काहीतरी हाताला लागेल असं वाचलं. मी जलरंगात करायलोय, सध्या शिकायलोय. एक विचारतो. आमच्या ओळखीच्या एकांकडं मुंगसाच्या केसांचा कुंचला आहे, जुना. त्याची उसळी आणि टोक दोन्ही जबरदस्त आहे. तसे केस कुठं मिळतील का? आणि जुन्या लघुचित्रांचे कुंचले खारीच्या शेपटीचे असायचे म्हणतात, ते खरं का?

नान्नजचा_पक्षीवेडा

माधवभाऊ, मुंगसाचं नाव आलं म्हणून लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली मुंगूस संरक्षित आहे. त्याचे केस, त्याच्या केसांचा कुंचला, विकणं-विकत घेणं सगळं गुन्ह्यात येतं. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोनं देशात अनेक ठिकाणी मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांवर छापे घातले होते. एका मुंगसाचे कामाला येतील असे केस अगदी थोडे निघतात, म्हणजे थोड्या कुंचल्यांसाठी प्राणी किती मारले जातात ते समजून घ्या. ज्वारीच्या रानात उंदीर आणि साप आवरणारा प्राणी आहे तो. त्याचे केस ओळखायची एक खूण: एकाच केसावर फिकट आणि गडद असे पट्टे असतात. दुकानात असा कुंचला दिसला तर घेऊ नका.

खारीचं खरं आहे. राजस्थानी आणि मोगल परंपरेत खारीच्या शेपटीचे केस कबुतराच्या पिसात बांधायचे. पण आज खारीच्या मागं लागायचं कारण नाही. रेषाताईंनी कोंबड्याचं पीस सांगितलंय तेच ठीक. रानपक्ष्यांची पिसंही वेचायला जाऊ नका.

रेषा_सोलापूर

पक्षीवेडा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माधव, तुला टोक हवं असेल तर घरातल्या लांब केसाच्या मांजराकडं बघ. शेपटीचे केस फणीनं विंचरताना जे आपोआप गळतात त्यांना शेंडाही शाबूत असतो आणि मूळही. एका डबीत साठवत राहायचे. जपानमध्ये मांजराच्या केसांचे बारीक रेघेचे कुंचले पूर्वीपासून होतात. बांधायला किती केस जमले हे डबी भरल्यावरच कळतं, घाई करू नकोस.

पेंटर_अण्णा

रेषा बाळ, चांगलं लिहिलंस. माझा सगळा जन्म बोर्ड रंगवण्यात आणि ट्रकच्या बॉडीवर अक्षरं काढण्यात गेला. फ्लेक्स आल्यावर काम आटलं, पण नंबर प्लेटी आणि देवळाच्या पाट्या अजून येतात. तुझं लांब केसाचं म्हणणं मला तंतोतंत पटलं. अक्षराच्या कुंचल्याचा केस इंचभर तरी बाहेर पाहिजे. नवीन पोरं म्हणतात एवढा लांब कुंचला हातात थरथरतो. थरथरतो तो हात. लांब केस उलट हाताची थरथर पोटातच जिरवतो, टोकापर्यंत येऊ देत नाही. रेघ ओढताना मनगट नाही, अख्खा हात करंगळीवर टेकवून सरकवायचा.

आमच्या कामाला टोक नको, धार पाहिजे. म्हणून जुडी गोल न ठेवता नळीत बसवल्यावर चपटी करायची. पण तिथंही शेंडा कापायचा नाही, हे तू म्हणतेस तसंच. धार शेंड्यांच्याच रांगेची.

ऑइलपेंटमध्ये चालवायचा असेल तर एक सांगतो. काम झाल्यावर रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये धुवा आणि मग केसांना साधं तेल लावून पालथा न ठेवता आडवा ठेवा. आम्ही कुंचले तेलातच ठेवत आलो. साबणानं धुऊन कोरडा ठेवलेला ऑइलपेंटचा कुंचला लवकर कडक होतो. पुन्हा वापरायच्या आधी तेल टर्पेंटाइनमध्ये पूर्ण काढायचं, नाहीतर पेंट सुकत नाही.

नळीचं म्हणशील तर पीस आमच्या कामाला नाजूक. जुन्या रेडिओची खेचून लांब होणारी एरियल असते, तिचे तुकडे पितळेचे असतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या जाडीचा. हव्या त्या मापाची नळी मिळते. करवतीनं कापायची, कड कानशीनं घासायची. आतली कड घासायला विसरू नका, ती दोरा कापते.

सांगोल्याचा_शेतकरी

कानाच्या केसाबद्दल. रेषाताई, तुमची कृती बरोबर आहे, फक्त केस काढताना एक काळजी सगळ्यांनी घ्यावी. बैलाच्या कानात आतले केस असतात ते गोचीड, माशी, धूळ आत जाऊ देत नाहीत. ते साफ करू नयेत. कानाच्या कडेला जे झुबके बाहेर येतात तेवढेच घ्यावेत, आणि उपटायचे नाहीत. बैल झटका देतो आणि पुढच्या वेळी कानाला हात लावू देत नाही. कात्री कातडीला लागून आडवी धरायची. मूळ कापलं गेलं तरी तुम्हाला शेंडाच पाहिजे, त्यामुळे काही बिघडत नाही.

सगळ्यात सोपा दिवस पोळ्याचा किंवा बेंदराचा, आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडं कारहुणवीचा. त्या दिवशी बैल धुतलेले असतात, हाताळून घ्यायला तयार असतात आणि केसांना मळ नसतो. खिलारचा कानाचा केस मी बघितलाय, पांढरा आणि चांगला लांब असतो. कुणाला हवा असेल तर सणाच्या आधी सांगावं.

सुनंदा_अक्कलकोट

नमस्कार. मला चित्रकलेतलं काही कळत नाही, पण धागा वाचता वाचता एक विचार आला. नातवाचं जावळ काढायचंय. लेकीला मी म्हटलं, देवाला वाहून थोडे केस ठेवूया. बाळाच्या केसांचा कुंचला होतो का? तो मोठा झाल्यावर त्याला द्यावा असं मनात आहे.

रेषा_सोलापूर

सुनंदाताई, नक्की होतो. आणि कारण तेच, शेंडा. बाळाचे केस जन्मापासून एकदाही कापलेले नसतात, म्हणून त्यांना निमुळता शेंडा असतो. एकदा का जावळ काढलं की तोच केस पुन्हा वाढताना बोथट टोकानं वाढतो. चीन आणि जपानमध्ये बाळाच्या पहिल्या केसांचा कुंचला करून ठेवायची रीत आहे.

मात्र आत्तापासून थोडी तयारी करा. वस्तरा फिरला की केस सगळीकडं सांडतात, उलटेसुलटे होतात आणि मग एकेक बोटात घासून बघत बसावं लागतं. त्यापेक्षा न्हाव्याला आधीच सांगा. माथ्यावरचे सगळ्यात लांब केस विंचरून, त्यांची छोटी बट करून मुळाजवळ दोऱ्यानं बांधा आणि ती बट दोऱ्याच्या खालून, म्हणजे डोक्याच्या बाजूनं, कात्रीनं कापून घ्या. बाकीचं जावळ नेहमीसारखं होऊ द्या. बट कागदाच्या घडीत सरळ ठेवा आणि शेंड्याच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करा. तेल लावून बट कापू नका, आदल्या दिवशी डोकं धुवून घ्या.

बाळाचा केस फार मऊ असतो, उसळी जवळजवळ नाही. त्यामुळे त्या कुंचल्यानं रेघेपेक्षा पातळ पाण्याचे रंग चांगले लागतील. त्याला मी कानाच्या केसांचा गाभा घालणार नाही. त्यात दुसरं काही मिसळू नये असं मला वाटतं.

चित्रकला_तास

शाळेत चित्रकला शिकवतो. मुलं अ‍ॅक्रिलिक वापरतात. हे कुंचले त्यांना देता येतील का? आणि पाचवी-सहावीच्या मुलांकडून करून घेण्यासारखं काही आहे का?

रेषा_सोलापूर

सर, अ‍ॅक्रिलिकला हे देऊ नका. तो रंग पोटात, नळीच्या तोंडाशी सुकतो आणि मग निघत नाही. तिथं नायलॉनचाच कुंचला बरा. पोस्टर कलर आणि जलरंगाला मात्र बिनधास्त द्या. मुलांना आधी फक्त बोटात केस घासून मूळ कुठलं ते ओळखायला लावा. एवढ्यानंच त्यांचं लक्ष लागेल. नंतर मोठ्या जुडीचा, बकरीच्या केसांचा जाड कुंचला, सुताच्या दोऱ्यानं बांबूच्या पेऱ्यात बांधलेला. बारीक कुंचला त्या वयाला नको.

कुंभारी_वाचक

आमच्या घरी पूर्वी हातमाग होता. ताण्याला खळ लावायचे मोठे कुंचे वनस्पतीच्या मुळांचे असायचे, आजोबा ते स्वतः बांधत. दोरा आवळायची पद्धत तुम्ही लिहिलीय तशीच, दोन वेढे आणि ओढलं की आवळणारी. ते दोऱ्याला आधी मेण लावायचे म्हणजे गाठ सरकत नाही. मेणाचं इथं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगितलं.

माधव_जुळेसोलापूर

ताई, बकरीच्या शेपटीचे केस मिळाले, टोपणात ठोकून बांधले. दिसायला छान झाला. पण दोन अडचणी. ओला केला की टोकाला दोन फाटे फुटतात. आणि रंगवताना केस सुटून कागदावर येतात. काय करू? गाभा अजून घातलेला नाही.

रेषा_सोलापूर

माधव, दोन्हींची कारणं वेगळी आहेत. फाटे फुटतात ते तीन कारणांनी: आत लव राहिली असेल, उलटे केस राहिले असतील, किंवा बांधताना जुडी गोल न राहता चपटी झाली असेल. कुंचला ओला करून झटक आणि भिंगातून टोक बघ. दोन फाट्यांच्या मधे फुगीर मऊ लव दिसली तर ती चिमट्यानं काढता येते. उलटे केस असतील तर त्यांचं टोक बोथट आणि जरा जाड दिसेल, तेही चिमट्यानं मुळापासून ओढ. जुडी चपटी असेल तर मात्र सोडून पुन्हा बांधावी लागेल.

केस सुटतात कारण काही केस गाठीपर्यंत पोचलेलेच नाहीत. टोपणात शेंडे एका पातळीवर आले की आखूड केसांची मुळं गाठीच्या अलीकडंच संपतात आणि गाठ त्यांना धरत नाही. बांधायच्या आधी जुडी मुळांकडून सैल धरून फणी फिरव, जे आखूड आहेत ते निघून येतील. मग गाठ. कुंभारीच्या वाचकांनी सांगितलेलं मेण दोऱ्याला नक्की लाव, मीही आता तसंच करणार आहे.

पेंटर_अण्णा

पोरा, अजून एक. गाठ बांधल्यावर मुळाच्या बाजूला गरम सुरीचं पातं क्षणभर टेकव. केसांची मुळाकडची टोकं करपून एकमेकांना चिकटतात. मग अ‍ॅरलडाइट. वास येतो, खिडकी उघडी ठेव. पातं गाठीच्या दोऱ्याला लागू देऊ नको.

नान्नजचा_पक्षीवेडा

उन्हाळ्यात पिसाच्या नळीचं काय होतं? इथं पारा ४० च्या वर गेला की लाकडी फर्निचरच्या सुद्धा फटी पडतात.

रेषा_सोलापूर

पीस तडकतं, हे खरं. एप्रिल-मे मध्ये पिसाचे कुंचले मी झाकणाच्या डब्यात ठेवते, नळीला बोटानं खोबरेल लावून, केसांना न लावता. कामटीही आकसते आणि कुंचला डुगडुगतो, तेव्हा तो पाण्यात भिजत न ठेवता कामटीवर कागदाची पातळ पट्टी गुंडाळून पुन्हा बसवायचा. पावसाळ्यात धोका कसरीचा. नैसर्गिक केस कसर खाते, आणि धुवून पूर्ण न वाळलेल्या, रंगाचा गोंद राहिलेल्या कुंचल्याकडं ती आधी येते. डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकते, आणि महिन्यातून एकदा सगळे कुंचले उन्हात. सुनंदाताई, जावळाची बटही अशीच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

अण्णा, तुमच्यासाठी इंचभर केसांचा चपटा कुंचला मी बांधायला घेतलाय, गाभा आणि वेष्टण दोन्ही कानाच्याच केसांचं. एरियलचा कुठला तुकडा तुम्ही अक्षरांना वापरता, त्याच्या तोंडाची रुंदी मिलिमीटरमध्ये कळवा. जुडी त्या मापानं धरते.

पेंटर_अण्णा

चपटी केल्यावर सहा. देवळाच्या पाटीच्या अक्षराला तेवढी पुरते. नंबर प्लेटीला चारची लागते, पण ती नंतर.